निशाण नसलेली सातवी गल

पायताणे इथेच काढून ठेवावीत. समोर जे हिरवे वर्तुळ दिसते, त्याच्या कडेपर्यंत अनवाणी जाण्याचा या माळावरचा नेम आहे. मेंढक्याला तो जसा लागू, तसाच मोटारीतून उतरणाऱ्यालाही. भोवतालचे पठार वैशाखात करपून तांबूस पडते, कातळाला हात लावावा तर चटका बसतो. हे वर्तुळ मात्र बारमाही हिरवे.

झिरेमाळावरच्या या गोल्फच्या मैदानात ज्या भोकात चेंडू घालायचा, त्याला इथले लोक गल म्हणतात. गोट्या खेळणाऱ्या पोरांचाच तो शब्द. प्रत्येक गलीत एक निशाण रोवलेले असते. सहावीत आहे, आठवीत आहे. सातवीच्या जागी निशाण नाही आणि गलही नाही. खेळणारे इथवर येतात, काठ्या भुईवर ठेवून हात जोडतात, कडेला ओंजळभर पाणी सोडतात आणि वळसा घालून पुढे जातात. असे का, हे वडीलधाऱ्यांनी जसे सांगितले तसेच ऐकावे.

साहेबी अमलातली गोष्ट. उन्हाळा लागला की गोरे अधिकारी या उंचावरच्या मोकळ्या हवेला येत. त्यांना खेळायला मैदान हवे होते. म्हणून त्यांनी स्कॉटलंडहून एक वृद्ध खेळाडू बोलावून आणला. रॉडरिक गिलेस्पी त्याचे नाव. हा खेळ ज्या समुद्रकाठी वाढला तिथलाच तो. तरुणपणी त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता, आणि मैदाने आखण्याची विद्या ज्यांनी प्रथम रुजवली त्यांत त्याची गणना होई, असे सांगतात.

त्याची रीत जगावेगळी होती. नकाशा नाही, दोरी नाही. पाठीमागे हात बांधून तो जमिनीवरून नुसता चाले. त्याच्या गावी म्हणे खारा वारा सुटला की मेंढरे उंचवट्यांच्या आडोशाला बसत आणि बसून बसून तिथली वाळू उघडी पडे. ती खेळातली अडचणीची जागा. मेंढरांनी कुरतडून जे गवत मऊ केले, ती चेंडू घरंगळण्याची जागा. माणसाने करायचे काहीच नाही, फक्त ओळखायचे. आपल्याकडे काही मूर्ती घडवलेल्या असतात आणि काही स्वयंभू. गिलेस्पी मैदानाला स्वयंभू मानी. "मी मैदान करत नाही, मला ते सापडते," असे तो म्हणे, आणि म्हणताना डोक्यावरची टोपी काढी.

परंतु काळ पालटला होता. त्याच्या देशात नवे लोक सुरुंग लावून टेकड्या फोडू लागले होते, हवे तसे उतार रचू लागले होते, आणि या म्हाताऱ्याच्या चालण्याला हसू लागले होते. झिरेमाळ हे त्याच्या आयुष्यातले शेवटचे मैदान ठरणार होते. भूमी अजून बोलते, हे त्याला मरण्यापूर्वी एकदा सिद्ध करून दाखवायचे होते.

माळावर तेव्हा रखमाक्का नावाच्या धनगर बाईचा वाडा उतरलेला असे; वाडा म्हणजे मेंढरांचा. एक गोरा म्हातारा रोज आपल्या कळपामागून खाली मान घालून चालतो, हे पाहून तिला पहिल्यांदा नवल वाटले आणि मग हसू आले.

"सायेब, मेंढरू हरवलंय का तुमचं?"

इथल्या पलटणीच्या संगतीने मोडकेतोडके मराठी शिकलेला गिलेस्पी म्हणाला, "नाही बाई. मी त्यांना विचारतो, गल कुठे करू?"

"मग काय म्हनत्यात?"

"अजून ओळख नाही. हळू बोलतात."

त्या दिवसापासून वाड्यावर त्याचे नाव गिलाप्पा पडले. मेंढरांमागून चालत त्याला एकेक गल सापडत गेली, सहा सापडल्या. आणि मग तो या वर्तुळापाशी आला.

असले गवत त्याने जन्मात पाहिले नव्हते. वैशाखात, उघड्या कातळाच्या मधोमध, मखमल अंथरावी तसे ते पसरले होते. सबंध कळप कडेपाशी आला, क्षणभर थांबला आणि दुभंगून दोन बाजूंनी निघून गेला. एकाही मेंढराने तोंड लावले नाही.

"का नाही खात, आक्का?"

रखमाक्काने पदर नीट केला. "आईची पाठ हाय ती. हिच्या पोटातलं पानी खालच्या टाक्यात उतरतं, त्यावर आमी जगतो. आईच्या पाठीवर कुनी पाय देतं व्हय?"

 परत निघताना गिलेस्पीने मागे वळून पाहिले, आणि पुन्हा पाहिले. पुढच्या दिवसांत सातवीची जागा मोकळी ठेवून त्याने आठवीपासूनच्या गलीही कापून घेतल्या.

चार दिवसांवर लाटसाहेबांची स्वारी मैदान पाहायला येणार होती. मैदान बांधून घेणाऱ्या साहेबांच्या मंडळाचा कारभारी गोरा उतावीळ झाला होता. तो म्हणाला, "सातवी गल तिथेच. हे तुमच्या मैदानाचे रत्न होईल, गिलेस्पी. तुमच्या देशातले हसणारे लोक थक्क होतील." हे शेवटचे वाक्य म्हाताऱ्याच्या वर्मी लागले. लोभ पैशाचाच असतो असे नाही. निर्दोष वस्तूचा लोभ भल्या माणसालाही सुटत नाही. जन्मभर मेंढरांच्या मागून चाललेला तो साधक त्या सकाळी मेंढरांच्या पुढे गेला. गल कापण्याचे लोखंडी कडे त्याने वर्तुळाच्या मध्यावर टेकवले आणि दाबले.

हिरवळीचा गड्डा अलगद वर आला. तळाशी पाणी चकाकले, आणि कुणी खोल श्वास आत ओढावा तसा आवाज होऊन ते खाली नाहीसे झाले.  तरीही त्याने निशाण रोवले.

दुसऱ्या दिवशी गलीभोवतीचे गवत पिवळे पडले. तिसऱ्या दिवशी टाक्यातले पाणी तळाला गेले. पाणी आपली जुनी वाट सोडून कातळाच्या कुठल्या भेगेत उतरत होते, कुणाला ठाऊक. कोकरे आयांच्या आचळांना ढुशा देऊ लागली, आणि आचळे कोरडी होती.

लाटसाहेब येण्याच्या आदल्या दुपारी रखमाक्का आपला कळप घेऊन वर आली. तिने शाप दिला नाही, हंबरडा फोडला नाही. ती कडेला उभी राहिली, आणि सारी मेंढरे आपणहून वर्तुळाभोवती गोल उभी राहिली. सगळ्यांची तोंडे गलीकडे. एकही ओरडत नव्हते. तहानलेला कळप इतका शांत राहिलेला माळावर कुणी पाहिला नव्हता.

कारभारी गोरा ओरडला, "हाकला ती जनावरे! उद्या स्वारी येते आहे!"

गिलेस्पी जागचा हलला नाही. रखमाक्का म्हणाली, "गिलाप्पा, हळू बोलत्यात म्हनला हुतास न्हवं? आज आयकू येतंय का?"

म्हाताऱ्याने बूट काढले. मोजेही काढले. अनवाणी तो मध्यापर्यंत गेला, गुडघे टेकले, निशाण उपटून बाजूला ठेवले आणि गलीला कान लावला. खोल खाली पाणी वाहून जात होते. मग त्याने गळ्यातली एक थैली सोडली. तीत एक चेंडू होता. त्याच्या बापाने कातड्यात पिसे ठासून हाताने शिवलेला, जुन्या रीतीचा. असला चेंडू पाण्याने भिजला की फुगतो, टाके उसवतात, कायमचा जातो. म्हणून गिलेस्पीने तो जन्मभर एका थेंबाचाही स्पर्श न होऊ देता सांभाळला होता. मरताना तो आपल्या हातात असावा, एवढीच त्याची इच्छा होती म्हणे.

तो चेंडू त्याने दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि गलीत सोडला.

रखमाक्का पुढे आली. म्होरक्या मेंढीची लोकर तिने मुठीने ओढून त्यावर घातली, मग टाक्यातला उरलासुरला चिखल खालून आणून वर लिंपला. म्हातारा तळवा दाबून बसून राहिला. "आई," तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मी पुन्हा कुठल्याही जमिनीला भोक पाडणार नाही." ज्या हाताने गल कापली त्या हाताची विद्या त्याने तिथेच वाहिली.

पाण्यात चेंडू फुगत गेला असेल, आणि भेग मिटली असेल. बुद्धीला एवढे पटते. पण बापाच्या हातची ती वस्तू नेमकी त्या भेगेच्या मापाची कशी, आणि ती त्या दिवसासाठी कुणी इतकी वर्षे कोरडी राखली, याचे उत्तर बुद्धीजवळ नाही. त्यापुढे हात जोडावेत.

ऊन कलले. गिलेस्पीला तळव्याखाली गारवा जाणवला. त्याच वेळी म्होरक्या मेंढीने कान टवकारले, ती वळली आणि उताराला लागली. तिच्यामागून सारा कळप. खालून आवाज आला, पहिल्यांदा एका जिभेचा, मग अनेक जिभांचा, पाणी पिण्याचा. रखमाक्काने धावत जाऊन पाहिले, आणि तिथूनच तिने हाक दिली, "आई आली रं गिलाप्पा, आली!"

दुसऱ्या दिवशी लाटसाहेबांनी विचारले, "सहावीनंतर सातवी कुठे?" कारभाऱ्याचा चेहरा उतरला. गिलेस्पी अनवाणीच उभा होता. तो म्हणाला, "सातवी जिची आहे तिच्याकडे आहे, हुजूर." लाटसाहेबांनी त्या म्हाताऱ्याच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे पाहिले, मग उभ्या उन्हातल्या हिरवळीकडे.  वाकून त्यांनी आपल्या बुटांचे बंद सोडले, असे सांगतात.

गिलेस्पीने शब्द पाळला. त्यानंतर त्याने एकही मैदान आखले नाही. तो मायदेशी गेला की याच माळावर कळपामागून फिरत राहिला, याविषयी दोन मते आहेत. धनगरांना विचाराल तर ते दुसरे मतच खरे म्हणतील.

आजही या वर्तुळात चेंडू पडला तर तो कुणी उचलत नाही. तो आईचा झाला. आणि आजही वैशाखात खेळ सुरू होण्याआधी रखमाक्काच्या वंशजांचा कळप मैदानावर येतो. काठ्या घेतलेली मोठमोठी माणसे बाजूला उभी राहतात. मेंढरे या कडेपाशी येतात, क्षणभर थांबतात, दुभंगून वळसा घालतात. मग ती माणसेही, पायताणे हातात घेऊन, खाली मान घालून, त्यांच्या मागून चालू लागतात.