पितळेची तेवढी निवडून द्या!

“पितळ आहे हे, निव्वळ पितळ!” असं म्हणून दरबारी सराफ धोंडशेटने ठुशी गोजराच्या पुढ्यात टाकली.

गोजराच्या पायांखालची जमीनच सरकली. ती फुलं विकून पोट भरणारी. आईमागे धाकट्या बायजाला तिनेच वाढवलं होतं. आता बायजाचं लग्न ठरलं होतं आणि आईची सोन्याची ठुशी तिच्या गळ्यात घालायची होती. पण पळसगडच्या हैबतराजांचा नियम कडक! लग्नात द्यायचा प्रत्येक दागिना आधी दरबारी सराफाने पारखायचा. सराफ सोनं म्हणेल तर सोनं, पितळ म्हणेल तर पितळ!

“शेटजी, एकदा कसोटीवर तरी घासा हो!”

“माझी नजर हीच कसोटी!” धोंडशेट मिशीत हसला. “असं कर, ही इथेच राहू दे. बदल्यात बहिणीला चांदीची जोडवी देतो. तुझ्याकडे बघून हं!”

ते ऐकून गोजरा काय समजायचं ते समजली. तिने ठुशी उचलली, डोक्यावरची फुलांची पाटी सावरली आणि तडक राजवाडा गाठला.

तिचं गाऱ्हाणं ऐकून राजे भडकले. “माझा सराफ म्हणजे मी! त्याला खोटं ठरवणं म्हणजे मला खोटं ठरवणं!”

“मग मी काय करू, सरकार?”

राजे हट्टाला पेटले. “धोंडशेटला खोटं न म्हणता ठुशी सोन्याची आहे, हे इथेच सिद्ध कर. नाही जमलं तर ठुशी जप्त!”

सगळा दरबार फिदीफिदी हसला. धोंडशेटला बोलावणं गेलं. तो येऊन ऐटीत उभा राहिला. काय करावं? एवढ्यात गोजराचं लक्ष राजांशेजारी बसलेल्या राणीसाहेबांच्या गळ्याकडे गेलं. तिथेही तशीच ठुशी!

“शेटजी, राणीसाहेबांची ठुशी कुणी पारखली?”

“मीच! बावनकशी सोनं!”

“अन् माझी?”

“किती वेळा सांगू? पितळ!”

“शेटजी म्हणतील तेच खरं, बाई!” गोजरा म्हणाली. “राणीसाहेब, बावनकशी सोनं कसं असतं ते जरा हातात घेऊन बघू द्या ना! म्हणजे पुन्हा फसायची नाही.”

राणीसाहेबांनी हसत हसत ठुशी काढून दिली. गोजराने दोन्ही ठुश्या शेवंतीच्या पाटीत टाकल्या आणि पाटी अशी काही गदगदा हलवली, की बस्स!

“अगं, हे काय केलंस!” राणीसाहेब किंचाळल्या.

“घाबरता कशाला? शेटजी आहेत ना! शेटजी, माझी पितळेची तेवढी निवडून द्या. मी चालले घरी!”

धोंडशेटने ठुश्या बाहेर काढल्या. डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या. घडण एकच, रंग एकच!

“घासा कसोटीवर!” राजे म्हणाले.

त्याने दोन्ही घासल्या. दगडावर दोन पिवळ्या रेघा उमटल्या. त्यांवर तेजाबाचा थेंब टाकला. पितळेची रेघ विरून जायला हवी होती, पण दोन्ही जशाच्या तशा लखलखत राहिल्या!

“बोला, पितळेची कोणती?” राजे गरजले.

धोंडशेटने आळीपाळीने दोन्ही ठुश्यांकडे पाहिलं. हिला पितळ म्हणावं, तर ही राणीसाहेबांची निघायची. तिला म्हणावं, तर तीच भीती!

“दो... दोन्ही सोन्याच्या, सरकार!”

“ऐकलंत ना, सरकार?” गोजरा टाळी वाजवत म्हणाली. “मी शेटजींना खोटं म्हटलंच नाही. माझी ठुशी सोन्याची, हे तेच म्हणाले!”

राजे एवढ्या मोठ्याने हसले, की फेटा घसरला.

“पण पोरी, आता यांतली तुझी कोणती?”

“मी कशी सांगू, सरकार? मी काय सराफ आहे?”

राजांना पुन्हा हसू आवरेना. “मग दोन्ही तुझ्याच! एक बायजाला घाल, एक तू घाल. आणि राणीसाहेबांना नवी ठुशी धोंडशेट करून देतील, स्वतःच्या पदरचं सोनं घालून!”