सलोमीमावशीचा रांजण

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. बोरझिरीत सलोमी नावाची विधवा होती. चर्च झाडायचं, दिवाबत्ती करायची आणि शनिवारी घरोघर फिरून मूठ गोळा करायची, हे तिचं काम. मूठ म्हणजे काय, तर दळायला बसण्याआधी प्रत्येक ख्रिस्ती घरातली बाई मूठभर जोंधळा देवासाठी बाजूला ठेवायची. तो चर्चमधल्या एकाच रांजणात पडायचा आणि नडलेल्याच्या चुलीवर जायचा. रांजण काही फार मोठा नव्हता, असं म्हणतात.

मग प्लेग आला. उंदीर पटापट मरून पडले आणि सगळं गाव माळावर झोपड्यांत गेलं. आजाऱ्यांच्या झोपड्या ओढ्यापलीकडे. तिकडे चिटपाखरू फिरकेना. सलोमी मात्र रांजणातल्या जोंधळ्याच्या कण्या शिजवून रोज तिकडे नेई. एका शनिवारी ती परत निघाली, तर तापाने फणफणलेली मार्था सरपटत दाराशी आली. ही गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पुढारी थोमा पंच यांची सून. तिने पदराची गाठ सोडली.

"मावशे, माझी मूठ ऱ्हायली की. न्या."

गाठीतला जोंधळा घेऊन सलोमी चर्चशी आली, तर पंच दारात आडवे आले. "ती मूठ रांजणात पडायची न्हाई. समद्या मंडळीला मारतीस का?"

पंचांनी त्या महिन्यात दोन लेक पुरले होते. भेदरलेल्या माणसाला काय बोल लावायचा!

सलोमी म्हणाली, "आजारी पडली म्हणून मंडळीतनं गेली व्हय ती?" तिने मूठ रांजणात टाकली, हाताने ढवळली आणि टोपलंभर जोंधळा काढून घेतला. "आठ दिस पल्याड ऱ्हाते, हेच खाते. मेले तर रांजण फोडून टाका."

आठ दिवस मंडळी ओढ्याकाठी प्रार्थना करत राहिली. आणि आठव्या दिवशी, रविवारी, सलोमी ओढा उतरून आली. तिचा हात धरून मार्था स्वतःच्या पायांनी चालत होती! म्हातारे पंच ढसाढसा रडले. मग उठले, रांजणात हात घातला आणि कण्या शिजवून स्वतः पलीकडे गेले. त्यांच्यामागून सगळं गाव गेलं. प्लेग सरेपर्यंत दोन्ही काठ त्या रांजणावर जेवले, पण त्याचा तळ कोणाला दिसला नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून बोरझिरीत मूठ गोळा करायची सुरुवात आजाऱ्याच्या घरापासून होते. परवाच्या कोरोनात चर्चला कुलूप होतं, गल्ल्या बांबू लावून बंद होत्या. तरी शनिवारी तोंडाला रुमाल बांधून पोरीबाळी निघाल्या, त्या आधी आजाराचा कागद चिकटवलेल्या दारांशी गेल्या. आतल्यांनी खिडकीतून मूठ दिली, यांनी उंबऱ्यावर डबा ठेवला.

आमच्या गावात आजार कोणी लपवत नाही. लपवला तर मावशीची पहिली मूठ कोणाकडून घ्यायची?