वीतभर दोरा

फार पूर्वी, शिवणयंत्र कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं त्या काळात, एका राज्यात एक वस्त्रपारखी होता. दवाखान्यातले रोगी, पाठशाळेतली मुलं, वेशीवरचे पहारेकरी, या सगळ्यांना राज्याकडून जे कपडे मिळत, ते आधी त्याच्या हाताखालून जात. त्याचा शिक्का बसला की कपडा सरकारी. नाही बसला, की ठेकेदारानं गाठोडं उचलून घरची वाट धरायची.

हा पारखी कामाला मोठा कडक. कापड नाकाला लावलं की त्याला ओल कळायची. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी तो सांगायचा, की हे ठाण पावसाळाभर कोंदट खोलीत पडून होतं. एकदा एका ठाणात कसरीनं पाडलेलं भोक निघालं, बाजरीच्या दाण्याएवढं. त्यानं अख्खी गाडी परत पाठवली. "कापडाला हवा पाहिजे, उजेड पाहिजे, पसरायला जागा पाहिजे," असं तो येईल त्याला ऐकवायचा. लोक म्हणत, पारख्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. हे ऐकून तोही मिशीतल्या मिशीत हसायचा. अशी वीस वर्षं गेली.

त्या वर्षी थंडी लवकर आणि कडक पडणार, असं जाणती माणसं सांगत होती. दवाखान्यासाठी पाचशे जाड बंड्या शिवायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. आता गोष्टीतला ठेकेदार म्हटला की तो लबाड असणार, असं तुम्ही धरून चालाल. हा तसा नव्हता बरं. कापड चोख आणायचा, दिलेला वायदा पाळायचा, भेटला की हात जोडायचा. त्यानं पहिल्या तीनशे बंड्या आणल्या. पारख्यानं कापड हुंगलं, चोळलं, पिळून पाहिलं आणि तीनशे शिक्के मारले.

पाचव्या दिवशी दवाखान्याचे वैद्य एक बंडी हातात घेऊन त्याच्या दारात उभे राहिले.

"पारखीबुवा, ऊब छान आहे," वैद्य म्हणाले. "पण रोग्यांना पाठ टेकता येईना. आतून काहीतरी टोचतं म्हणतात."

पारख्याला ते चांगलंच झोंबलं. वीस वर्षांत त्याच्या शिक्क्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यानं बंडी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा कपडा उलटा केला. लोकांना दिसते ती सुलटी बाजू, मग उलटीत काय बघायचं, असं त्याचं आजवरचं मत. पाहतो तर आतल्या शिवणीवर गाठीच गाठी. वीतभर शिवण की गाठ, पुन्हा वीतभर की गाठ.

हातानं शिवणाऱ्यांची रीत अशी, की सुईत चांगला हातभर दोरा ओवायचा. तो संपला की गाठ मारायची आणि नवा ओवायचा. त्यामुळे गाठी लांब लांब पडतात, अंगाला लागत नाहीत. वीतभर दोरा कुणी शहाणी बाई घेत नाही, कारण मग अर्धा दिवस ओवण्यातच जातो.

"दोऱ्यात हात मारतोय लेकाचा," असं मनाशी म्हणत पारखी तडक ठेकेदाराच्या जागेवर गेला.

"दोरा?" ठेकेदार हसला. "अहो, लडीच्या लडी पडल्यात. बाया हव्या तेवढ्या घेतात. तुम्ही आधी माझी कोठी तर बघा."

कोठी खरंच बघण्यासारखी होती. आठ खिडक्या, फळ्यांवर रचलेली ठाणं, दोन ठाणांत हातभर अंतर, वर कडुलिंबाचा पाला. वारा कसा भरभरून येत होता. पारख्याला फार बरं वाटलं. आपण शिकवलेलं कुणीतरी मनावर घेतलं, असं त्याला वाटलं.

"आणि शिवतात कुठं?" त्यानं विचारलं.

"ते काय, मागं," ठेकेदार म्हणाला. पण तो स्वतः पुढं झाला नाही.

मागं म्हणजे सरपणाची खोली. एकुलता एक झरोका. तेवढ्यात चाळीस बाया गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. पारखी उंबऱ्यातच थांबला, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई सुई ओढत होती. जरा जास्त ओढली असती तर कोपर शेजारणीच्या डोळ्यात गेलं असतं. म्हणून ती छातीपर्यंत ओढायची आणि थांबायची. सगळ्यांचं तसंच. हातच वीतभर हलत होता, मग दोरा हातभर घेऊन करायचं काय?

उंबऱ्यालगत एक वयस्कर बाई बसली होती. पारख्यानं तिला विचारलं, "नाव काय तुमचं?" वीस वर्षांत शिवणाऱ्या बाईचं नाव तो पहिल्यांदाच विचारत होता.

"चिमाबाई."

"इथं कधीपासून बसता?"

"आधी त्या कोठीत बसायचो की, खिडकीशी," चिमाबाई म्हणाली. "मग तुम्ही कसरीची गाडी परत धाडलीत नाही का? मालक म्हणाले, पारखी कापड बघतो, कापडाला हवा पाहिजे. कापड तिकडं गेलं, आम्ही इकडं आलो. नऊ वर्षं झाली त्याला."

ती हे पाण्याचा तांब्या मागावा इतक्या सहज बोलली. रागावली असती तर पारख्याला सोपं गेलं असतं. आता मात्र त्याला मान वर करायची लाज वाटली.

"मी शिक्काच मारत नाही पुढच्या बंड्यांवर," तो म्हणाला.

"तसं नका करू, पारखीदादा. शिक्का थांबला की आमची चूल थांबते. मालक काय, दुसरं काम धरतील. आम्ही कुठं जायचं?"

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पारख्यानं ठेकेदाराला उंबऱ्याशी बोलावलं. म्हणाला, "ठाणं या खोलीत हलवा आणि बायांना कोठीत बसवा. उरलेल्या दोनशे बंड्या कोठीत शिवल्या गेल्या, तर सगळ्यांवर शिक्का. आणि दिलेल्या तीनशेंना आतून मऊ पट्टी लावून द्या."

ठेकेदाराचे जोडलेले हात सुटले. "नियमात कापड तपासायचं लिहिलंय. बाया कुठं बसतात ते लिहिलेलं नाही. मी दिवाणांकडं जातो."

गेलाही. पारख्याला बोलावणं आलं. दिवाण काही वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत असायचे.

"कापडात खोट आहे?" दिवाणांनी विचारलं.

"नाही."

"शिवण उसवते?"

"नाही."

"मग रोगी कुडकुडत असताना तुम्ही शिक्का अडवून बसता?"

"दिवाणसाहेब, खोट माझ्या पारखण्यात होती," पारखी म्हणाला. "कापड कुठं ठेवता, हे मी वीस वर्षं विचारत आलो, म्हणून यांनी कापडाची सोय केली. बाया कुठं बसतात हे विचारलं असतं, तर बायांची केली असती. घेणारा जे विचारतो, तेवढंच देणारा सांभाळतो."

दिवाणांनी बंडीच्या आतून हात फिरवला. दोनदा फिरवला. मग म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तसंच होऊ दे. पण थंडी तुमच्यासाठी थांबायची नाही. आठ दिवसांत दोनशे बंड्या आल्या नाहीत, तर तुमचं पागोटं गेलं आणि यांचा ठेकाही गेला."

ठेकेदार मघापासून गालात हसत होता, शेवटचं वाक्य ऐकून त्याचं हसू मावळलं. त्यानं त्याच दिवशी ठाणं हलवली.

पहिल्या दिवशी गंमतच झाली. एवढी मोठी कोठी मोकळी, आणि बाया सवयीनं एका कोपऱ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पारख्यानं एकेकीला उठवून खिडकीशी बसवलं, तेव्हा कुठं हात लांब जाऊ लागले. आठव्या दिवशी दुपारी दोनशे बंड्या त्याच्यापुढं आल्या. त्यानं एकेक उलटी केली. एकशे नव्व्याण्णव मऊ निघाल्या. शेवटची मात्र तशीच, वीतभर शिवण की गाठ.

पारख्याचं टाळकं सरकलं. बंडी घेऊन तो पुन्हा कोठीवर गेला. ठेकेदार शपथेवर सांगू लागला, की खरंच सगळ्या बाया इथंच बसतात. आणि ते खरं होतं. सगळ्यांत मोठ्या खिडकीशी चिमाबाई आधीच्या बंड्यांना मऊ पट्टी लावत बसली होती. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा, आणि सुईत वीतभर दोरा.

"चिमाबाई, आता तरी हात लांब करा की," पारखी म्हणाला.

चिमाबाईनं हात उचलला. कोपर अर्ध्यावर उघडलं आणि तिथंच थांबलं.

"होत नाही, पारखीदादा. तसंच वळण पडलं त्याला. आठ दिवसांत ही एकच बंडी झाली माझ्या हातून. वेणीसुद्धा सून घालते माझी."

पारखी तिच्यासमोर खाली बसला. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"तुमच्या एकट्याचं नाही," चिमाबाई म्हणाली. "पण म्हणालात, बरं वाटलं." आणि तिनं पुन्हा सुई ओवली.

पारख्याचं पागोटं राहिलं. त्या एका बंडीवर त्यानं शिक्का मारला नाही. दवाखान्यात तिच्या जागी स्वतःच्या अंगातली दिली, आणि ही शिक्क्याच्या खोलीत खुंटीला टांगली, उलटी करून. नियमात एक ओळ वाढली. शिक्का मारण्याआधी पारख्यानं शिवणाऱ्यांमध्ये जाऊन बसायचं, सुईत हातभर दोरा ओवायचा आणि एक शिवण घालायची. कोपर कुणाला लागलं, तर शिक्का नाही. काही ठेकेदारांना हे जड वाटलं, ते राज्य सोडून गेले. उरलेल्यांच्या शिवणखोल्यांना खिडक्या आल्या.

पुढं नवा पारखी कामावर आला की विचारायचा, ही बंडी उलटी का टांगली? म्हातारा पारखी काही सांगत बसत नसे. "आतून हात फिरव," एवढंच म्हणायचा.

तात्पर्य: सगळ्यांच्या वतीनं जो कपडा घेतो, त्यानं कपड्याइतकीच शिवणाऱ्या हातांची चौकशी करावी. उशीर झाला तरी करावी, पण लवकर केलेली बरी. गाठ सोडवता येते, आखडलेला हात सोडवता येत नाही.