हिवाईच्या पानावरचं कोयनेल

फार वर्षांपूर्वी, घाटातून अजून सडक गेली नव्हती तेव्हा, गारवंड गावात गोमाजी नावाचा एक डाकवाला राहत होता. घाटाखालच्या पेठेतून टपालाची थैली पाठीवर घ्यायची, सात कोस चढ चढायचा आणि वरच्या ठाण्यात ती पोचवायची, हे त्याचं काम. हातात भाला आणि भाल्याला घुंगरं. घुंगरं वाजली की डाकवाल्याला वाट द्यायची, असा नियम माणसांना होता. पण घाटातला वाघसुद्धा तो पाळत असे, असं म्हणतात. आवाज आला की तो वाटेच्या कडेला बसे आणि गोमाजी पुढे गेला की उठे. खरंखोटं त्या वाघाला माहीत. गोमाजीचा कान मात्र फार तल्लख होता, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. धुक्यात स्वतःची बोटं दिसेनाशी झाली की तो भाला जोरात आपटायचा आणि घुंगरांचा आवाज कोणत्या कड्यावरून परत येतो, त्यावरून पाऊल टाकायचा. "माझं डोळं कानात हायेत," असं तो म्हणे.

गारवंड घाटाच्या बरोबर मध्यावर होतं. तिथं भाताची खाचरं होती, रानाचा ओलावा होता आणि हिवताप होता. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की हिवताप गावात शिरे. एका दिवसाआड माणूस थडथडू लागे. चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नसत. मग अंग तव्यासारखं तापे, मग घामानं अंथरूण भिजे, आणि मधला दिवस असा जाई, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवसाला गावात 'हिवाईचा उसना दिवस' म्हणत.

हिवाई म्हणजे गावची देवी. ओढ्याकाठी जांभळीखाली तिचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड, होता. थंडी तीच देते आणि माणूसही तीच नेते, असा गावाचा समज. पाचव्यांदा थंडी वाजून आली की माणूस उठत नाही, असंही म्हणत. एका वर्षी तिनं अकरा माणसं नेली. त्यांत गोमाजीची बायको होती. मागे उरली ती चिमा, त्यांची एकुलती एक लेक.

पुढच्या वर्षी गोमाजी स्वतःच थडथडत पेठेत उतरला. तिथं नवा दवाखाना निघाला होता. आबाजी नावाच्या कंपाउंडरनं त्याला ओसरीवर बसवलं आणि हातावर एक पांढरी गोळी ठेवली.

"हे कोयनेल. एका झाडाच्या सालीचं करतात. कडू जहर आहे, पण हिवतापाला दुसरा उतारा नाही. गीळ."

गोमाजीनं गोळी तोंडात टाकली. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आ कर," आबाजी म्हणाला.

"गिळली की साहेब."

"सगळे असंच म्हणतात आणि कुंपणापलीकडे जाऊन थुंकतात. आ कर. जीभ वर."

सात दिवस गोमाजी त्या ओसरीवर राहिला, सात दिवस त्यानं आ केला, आणि त्याचा हिवताप गेला तो गेलाच. तेव्हापासून आबाजी त्याच्या थैलीत टपालाबरोबर गोळ्यांची पुरचुंडी देऊ लागला. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "अधाशासारखं कुणी खायचं नाही हं. मूठभर खाल्ल्या तर आधी कानात घुंगरं वाजतील, मग डोळ्यांपुढे पांढरं होईल, आणि मग तुझी थैली दुसऱ्या कुणाला तरी न्यावी लागेल."

डाकवाल्याला थांबायची मुभा नसते. गोमाजी धावता धावता दारात पुरचुंडी टाके आणि दुसऱ्या दिवशी धावता धावताच विचारी, "खाल्ली का गं?" आतून उत्तर येई, "खाल्ली, खाल्ली!" तल्लख कानाच्या माणसाला आणखी काय हवं? तो पुढे जाई.

आणि तरीही माणसं मरत राहिली.

गोमाजीला कळेना. गोळ्या पावसात भिजल्या का? आपल्या पाठीचा घाम लागून त्यांचा गुण गेला का? की आपल्याच हाताला काही दोष आहे? तो पुरचुंडी मेणकापडात बांधू लागला. वाटेत तिला हात लावण्याआधी ओढ्यात हात धुऊ लागला. तरी माणसं मरत राहिली. एक दिवस तो दवाखान्यात जाऊन भडकला, "साहेब, तुमच्या गोळ्या खोट्या हायेत!"

"मग तू कसा जिवंत?" आबाजी म्हणाला.

गोमाजीनं थैली पाठीवर घेतली.

"गोळी खोटी नाही, गोमाजी. गोळी आणि पोट यांच्यामध्ये कुठंतरी काहीतरी अडतंय. ते कुठं, ते तुझं तू बघ."

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर चिमाला थंडी वाजून आली. तिचं लग्न माघात ठरलेलं होतं. गोमाजीनं गोळी तिच्या हातात दिली. "खाल्ली का?" "खाल्ली, बा." एका दिवसाआड पुन्हा थंडी आली. पुन्हा गोळी, पुन्हा "खाल्ली, बा." तिसरी पाळी आली. चौथी आली. चौथ्या पाळीत चिमानं आपल्या मेलेल्या आईला हाका मारल्या, आणि त्या हाका गोमाजीच्या तल्लख कानांनी ऐकल्या.

दुसरा दिवस उसना होता. गोमाजी पेठेतून थैली घेऊन गावाशी पोचला आणि पाणी प्यायला ओढ्यात वाकला. वर बघतो तर पलीकडच्या काठानं घोंगडीत गुरफटलेली चिमा झाडांना धरत धरत चालली होती. त्यानं घुंगरं मुठीत दाबली आणि तो तिच्या मागून गेला.

जांभळीखाली चिमा वाकली. कनवटीची गोळी काढून तिनं हिवाईपुढच्या पळसाच्या पानावर ठेवली आणि हात जोडले.

गोमाजी पुढे झाला, आणि त्याला तांदळ्यामागचं दिसलं. तिथं पानांवर पानं होती आणि प्रत्येक पानावर गोळ्या होत्या. काही अजून गोल होत्या, काही फुगल्या होत्या, काही पावसानं विरघळून चुन्यासारख्या दगडाला चिकटल्या होत्या. गुडघ्याएवढी पांढरी रास. मुंगी नाही, उंदीर नाही, कशानंही तिला तोंड लावलेलं नव्हतं. त्यातली एकेक गोळी त्याच्या पाठीवरून घाट चढून आली होती. ही धोंडाईच्या नातवाची. ही लिंबाजीची, ज्याला त्यानं स्वतः खांदा दिला होता. ही त्या बाळंतिणीची. तो मटकन खाली बसला. घाटात कडा कोसळताना त्यानं पाहिला होता, पण तो असा आवाज न करता कोसळला नव्हता.

"चिमे," शेवटी तो म्हणाला, "हे काय केलंत गं?"

"नवं हाय ना, बा. देवीनं खाल्ल्याबिगर नवं कसं खायाचं? तूच शिकीवलंस. काकडीची सुदीक पयली फोड तिला देतो आपन."

तीच तर गारवंडची रीत होती. नवं भात असो, नवी नाचणी असो, पान भरून हिवाईपुढे ठेवायचं. कावळ्यानं पान साफ केलं की देवीनं खाल्लं, मग गावानं खायचं. भातावर कावळे तुटून पडत. पण कोयनेलच्या पहिल्या पानावर कावळा आला, त्यानं एक गोळी चोचीत धरली, टाकली, दगडावर चोच पुसली आणि उडून गेला. देवी रुसली, असं गावाला वाटलं. म्हणून त्यांनी आणखी गोळ्या ठेवल्या. माणसं मरत होती, तसतशी ती आणखी ठेवत होती.

"आन मला खाल्ली म्हनून सांगितलंस?"

"तू एवढा चढ चढून आनतोस. न्हाई खाल्ली म्हनलं असतं तर तुजं तोंड बघवलं नसतं," चिमा म्हणाली. "समदं गाव तुला खाल्लीच म्हनतं, बा."

त्या दिवशी टपाल पहिल्यांदाच ठाण्यात पोचलं नाही.

गोमाजीनं जांभळीखाली गाव गोळा केलं. हिवाईचा भगत कोंडूबाबा काठी टेकत आला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचेही दोन नातू गेले होते, आणि त्यांच्या गोळ्याही त्या राशीत होत्या.

"भगतबाबा, नवं झालं म्हना आन खाऊ द्या लोकांना," गोमाजी म्हणाला. "उद्या माझ्या लेकीची पाचवी पाळी हाय."

"मी कोन म्हननारा? कावळ्यानं पान उचललं पायजे."

"कडूला कावळा शिवत न्हाई. जलमभर शिवनार न्हाई."

"मग आपलं नशीब. आरं, माझं नातू गेलं तवा मी रीत मोडली न्हाई. आता तुझ्या लेकीपायी मोडू?"

घोंगडीतल्या घोंगडीत चिमा खोकली. मग गोमाजी म्हणाला, "कावळ्यानं खाल्लं म्हंजे देवीनं खाल्लं. का म्हनं?"

"कावळा एका घरचा न्हाई. चार गावचं खातो, चार गावचा निरोप नेतो. म्हनून तो देवीचा."

"आन मी? चार गावचा निरोप कोन नेतं? कावळ्यापरीस हलका हाय का मी, बाबा?"

मागून एक म्हातारी हसली. "रंगानं तर तसाच हायेस!" आणि दोघंतिघं हसली. कोंडूबाबा मात्र हसला नाही.

"पान भरल्यालं पायजे," तो हळूच म्हणाला. "अर्ध्या पानावर नवं होत न्हाई. आन कावळा पान अर्धं टाकत न्हाई."

"ठावं हाय."

"वर पानी पेत न्हाई."

"ठावं हाय, बाबा."

त्या दिवसाची कोरडी पुरचुंडी गोमाजीनं पळसाच्या ताज्या पानावर उपडी केली. बरोबर मूठभर झाल्या. आबाजीचे शब्द त्याला आठवले नसतील, असं कसं म्हणावं? त्यानं एकदा चिमाकडे पाहिलं, भाला जांभळीला टेकवून ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घेतले, हिवाईपुढे उकिडवा बसला आणि मान खाली घालून खाऊ लागला.

पहिल्या गोळ्यांना लोक अजून हसत होते. मग हसू थांबलं. त्याच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी मान वर झाली नाही. चार गावचे कावळे येऊन जांभळीवर बसले आणि एकही कावळा ओरडला नाही, असं म्हणतात. शेवटची गोळी गिळून त्यानं पान जिभेनं पुसून काढलं.

तेवढ्यात त्याला घुंगरं ऐकू आली. आपला भाला कुणी उचलला, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. भाला जागेवर होता. घुंगरं जवळ आली, आणखी जवळ आली, कानांच्या आत आली, सगळा घाट वाजू लागला. समोर कोंडूबाबाचं तोंड हललं. तो "नवं झालं!" असं ओरडत होता, हे गोमाजीला त्याच्या उंचावलेल्या हातांवरून कळलं. चिमा धावत आली. तिचेही ओठ हलत होते. तो तिला म्हणाला, "मोठ्यानं बोल की गं, पोरी." ती मोठ्यानंच बोलत होती. ती किंचाळत होती.

मग सगळं पांढरं झालं.

तीन दिवस गोमाजी पडून होता. त्याचा श्वास इतका मंद होता की कोंडूबाबा नाकाशी कापूस धरून बसला. कुणी तरी पेठेत धावलं आणि आबाजीकडून दुसरी पुरचुंडी घेऊन आलं. चिमानं त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत पहिली गोळी खाल्ली आणि मग साऱ्या गावानं खाल्ली. पाचव्या पाळीचा दिवस उजाडला. सगळं गाव तिच्याभोवती घोंगड्या घेऊन बसलं होतं. दुपारी तिच्या अंगावर काटा आला, दात एकदाच वाजले आणि थांबले. संध्याकाळी तिनं पेज मागितली.

चौथ्या दिवशी गोमाजीनं डोळे उघडले आणि त्याला लेक दिसली. हिवाईनं त्याचे डोळे परत दिले आणि कान ठेवून घेतले, असं म्हणतात.

तो पुन्हा धावू लागला. स्वतःच्या भाल्याची घुंगरं त्याला कधीच ऐकू आली नाहीत. आता तो दारात थांबू लागला, आत जाऊ लागला, कारण "खाल्ली, खाल्ली" हे त्याला ऐकू येत नव्हतं. तो माणसाच्या पुढ्यात बसे आणि म्हणे, "आ कर. जीभ वर." लेकरू असो, नवरदेव असो, खुद्द कोंडूबाबा असो. लिंबाजीची म्हातारी आई त्याला म्हणे, "मुडद्या, एक दात न्हाई माझ्या तोंडात, काय बघतुयास?" गोमाजी तरीही नीट बघून घेई. गावात हिवताप येत राहिला, पण तो येऊन माणसाला न नेता जाऊ लागला.

त्याचा शेवट कसा झाला, यात एकमत नाही. एका पावसाळ्यात घाटात असं धुकं उतरलं की डोळ्यांचा उपयोग उरला नाही, आणि कान तर नव्हतेच. गोमाजी त्या धुक्यात शिरला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पण थैली वेळेवर, कोरडी, ठाण्याच्या दाराशी उभी होती, आणि शेजारी भाला होता.

तो भाला आज हिवाईशेजारी रोवलेला आहे. त्याच्या घुंगरांत मेण भरून ठेवलंय. त्याला जे ऐकू आलं नाही, ते आपण ऐकायचं नाही, म्हणून. नव्याच्या दिवशी पळसाच्या पानावर भाताबरोबर कडू काडेचिराइताचा एक तुकडा ठेवतात. कावळे भात खातात. तो तुकडा गावातला सगळ्यात वडील माणूस उचलतो आणि हात पाठीमागे घेऊन चावून खातो. मग एकामागून एक सगळं गाव भाल्यापुढे येतं आणि आ करतं, जीभ वर करून. मुलं हसतात. म्हातारी माणसं हसत नाहीत.

आता घाटातून सडक गेली आहे. मागे एकदा आरोग्य केंद्राची नवी नर्स हिवतापाच्या गोळ्या घेऊन गारवंडात आली. पहिल्याच घरात तिनं सगळ्यांना गोळ्या दिल्या, पाणी दिलं, आणि वहीत लिहून घ्यायला विचारलं, "खाल्ल्या ना सगळ्यांनी?"

कुणीच उत्तर दिलं नाही. तिनं वर पाहिलं आणि ती दचकली. आजोबांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळं घर तिच्यापुढे रांगेत उभं होतं, तोंडं उघडून.