गुमानशेठचं फुकट जातं

गुमानशेठनं अन्नछत्राला नवं जातं फुकट दिलं, आणि तिथं रांधणाऱ्या म्हाळसानं ते नको म्हटलं. सोनवटच्या दरबारात फुकटाला नको म्हणणारं माणूस आजवर कुणी पाहिलं नव्हतं. वीरधवल राजाचा पारा चढला.

छत्र राजाचं असलं तरी चूल म्हाळसाची. तिथं कुणीही यावं, पोटभर जेवावं, चटणी आवडली तर ती कशी केली हे विचारून घरी जावं. शेठजींचं जातं मात्र चहूबाजूंनी पितळी पत्र्यानं बंद. वरून दाणे टाकायचे, खालून मऊसूत पीठ. अटी एवढ्याच की, ते कुणी उघडायचं नाही, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करायचा तो शेठजींच्याच माणसानं, आणि छत्रातली जुनी जाती काढून टाकायची.

म्हाळसा मान खाली घालून ऐकत होती, पण आतून खदखदत होती. तो माणूस आलाच नाही, तर पंगतीला काय डोंबल वाढायचं? तिनं तसं सांगून पाहिलं. पण राजा हट्टी.

"खोट आहे म्हणतेस ना? मग ती तू सांगायची नाहीस," तो म्हणाला. "उद्या भर दरबारात शेठजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितली पाहिजे. नाहीतर झारा खाली ठेव आणि वाट धर."

दरबार खुसखुसला. शेठजींनी पोटावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती थेट शेठजींपुढे. त्यांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. सगळा स्वयंपाक मी फुकट करून देते, म्हणाली. शेठजी पुरीसारखे फुगले. जिलबी होईल का? होईल. श्रीखंड? तेही. मग तिनं आपल्या अटी सांगितल्या. स्वयंपाकाच्या मांडवात कुणी डोकावायचं नाही. काही करपलं, बिघडलं तर तिच्याच माणसानं निस्तरायचं. आणि बाकीच्या आचाऱ्यांना आजच निरोप द्यायचा.

"वा गं वा!" शेठजी उसळले. "वऱ्हाड दारात उभं आणि तू आलीच नाहीस तर? ऐन पंगतीला अडून बसलीस, तर मागशील ते द्यावं लागेल मला. फुकटाच्या नावाखाली माझी शेंडी तुझ्या हातात!"

म्हाळसा राजाकडे वळली. "महाराज, जात्याची खोट शेठजींनी सांगितली."

"मी लग्नाचं बोलत होतो," शेठजी पुटपुटले.

"लग्न एका दिवसाचं, शेठजी. छत्रात पंगत रोज बसते."

राजाला उमजायला जरा वेळ लागला. मग तो असा हसत सुटला की, पगडी सावरायला हुजऱ्या धावला. पत्रा काढा, नाहीतर जातं घरी न्या, असं त्यानं शेठजींना फर्मावलं. शेठजींनी मुकाट्यानं पत्रा काढला, आणि गावचे पाथरवट आत डोकावायला जमले. म्हाळसाला सोन्याचं कडं मिळालं आणि छत्र तहहयात तिच्याकडे राहिलं. शेठजींच्या लेकीच्या लग्नातही जिलबी तिनंच तळली, उघड्या मांडवात.