हौसाक्काची ओली पायरी

बसा मंडळी, ऐसपैस बसा. पुढच्यांनी तेवढे पाय पोटाशी घ्या. कुणाच्या टाचंला भेग आहे, कुणाच्या अंगठ्याला ठेच, सगळं दिसतंय इथनं. आणि आज गोष्ट पायांचीच आहे.

लई वर्षं झाली. विहिरींवर इंजिनं नुकती धडधडायला लागली होती, आणि चामड्याच्या मोटा झाडाला टांगून म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या काळात शेलटेकात हौसाक्का नावाची बाई जोडे शिवायची. नवरा धुळाप्पा वारला, तशी तिनं त्याची चामडं कापायची रापी उचलली आणि त्याच्या कामाच्या दगडावर जाऊन बसली. बाईमाणसानं दगडावर बसू नये असं चार जण बोलून गेले. ते चारही जण पुढच्याच बाजारी तुटकी पायताणं घेऊन तिच्याच दारात उभे. तिची शिवण अशी, की असं म्हणतात, एकदा बैलानं तिचा जोडा चावला तर बैलाचा दात हलला, टाका नाही हलला.

शेलटेक म्हणजे डोक्यावरचं गाव. खाली कारंजवाडीला शाळा निघालेली. मधे सराट्याचा माळ, आणि माळ सरला की खिंडीची उतरंड. सराटा तुम्हाला माहीत आहे, कसाही पडला तरी काटा वरच. आणि खिंडीतले दगड तर रापीपेक्षा धारदार. म्हणून शाळेत जायचं तर पोराच्या पायात जोडा पाहिजे, हे गावाला पटलं होतं.

पण लोक माप कसं द्यायचे? तर काडीनं. पोरगं झोपलं, की बाप त्याच्या तळव्याला जोंधळ्याचं धाट लावायचा, अंगठ्यापाशी मोडायचा, आणि ती काडी पटक्यात खोचून हौसाक्काला नेऊन द्यायचा. पोराला न्यायचं नाही. नेलं तर ते वाटेत बोरं मागतं, दमतं, कडेवर बसतं. काडी काही मागत नाही. त्यात वर बाप म्हणायचा, दोन बोटं वाढवून शिव, पोर वाढतं आहे. आई म्हणायची, अजून दोन वाढव, जोडा पुढच्या सालीही चालला पाहिजे. आज्जी म्हणायची, धाकट्यालाही व्हायला पाहिजे. अशी सगळ्या घराची बोटं त्या एका जोड्यात शिरायची आणि पोराचा पाय तेवढा आत एकटा पडायचा. मग चिंध्या कोंबायच्या. पोरं माळावरनं चालली की वाटायचं, कोंबडीच्या पिलांनी होड्या घातल्यात.

हौसाक्का शिवून द्यायची. काडी आली, शिवलं. तिला वाटायचं आपलं काम टाक्याचं, माप आणणाऱ्याचं.

बिरू हाके म्हणून एक मेंढरंवाला होता. त्याची लेक शेवंता. पोरगी अभ्यासाला अशी चिकट, की मेंढरांनासुद्धा पाढे शिकवायची. बिरूनं तिची काडी घेतली, पण वाटेत ती शेरडीनं खाल्ली. बिरू काय परत माघारी जातो? त्यानं बांधावरचं दुसरं धाट मोडलं, अंदाजानं. माझी शेवंती एवढीच असेल म्हणाला. वर चार बोटं वाढीची. हौसाक्कानं त्या काडीवर जोडा शिवला.

पोरीनं चिंध्या कोंबल्या आणि रोज खिंड उतरली. एके दिवशी उतरंडीवर जोडा पायात फिरला, पाय एकीकडं गेला, पोर दुसरीकडं. घरंगळत खालच्या बाभळीला जाऊन अडकली. घोटा मोडला. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तिला खाटेवर पाय वर करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चावडीत दाजीबा पाटलानं मिशीला पीळ देऊन सांगून टाकलं. औंदाचं साल कसंतरी सरू द्या, पण मिरगानंतर शाळा उघडली की शेलटेकचं एकही पोर खिंड उतरणार नाही. शेरडामागं काय घोटा मोडत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिरूनं सगळ्यात आधी डोलावली.

हौसाक्का बिरूच्या घरी गेली. कोपऱ्यात तो जोडा पडला होता. तिनं उचलून उलटासुलटा केला, टाका न् टाका बघितला. एकही टाका उसवला नव्हता. तळ शाबूत, टाच शाबूत. पोर मोडली होती आणि जोडा धड होता. ती तशीच खाली बसली. फाटका निघाला असता तर चामड्याला शिव्या देता आल्या असत्या. आता शिव्या द्यायच्या कुणाला?

खाटेवरनं शेवंतानं विचारलं, "आक्का, माझा पाय बरा झाला तरी मला शाळंला सोडणार न्हाईत?"

हौसाक्का उठली. घरी आली, कोनाड्यातल्या सगळ्या काड्या काढल्या, चुलीत घातल्या आणि त्यांच्यावर भाकरी भाजली. असं म्हणतात, ती भाकरीसुद्धा एका बाजूला मोठी झाली.

मग ती चावडीवर गेली. आपल्या पायातल्या चपला काढून पाटलासमोर ठेवल्या.

"गावातल्या शेवटल्या पोराच्या पायात धड जोडा पडंस्तोवर म्या पायात काय घालणार न्हाई," ती म्हणाली. "आन मिरगानंतर पोरं खिंड उतरतील. बघा तुमी."

चावडी हसली. पाटील म्हणाला, बाई, माळावर सराटे आहेत. ती म्हणाली, मला ठावं आहे. आणि गेली अनवाणी.

आता हौसाक्काला चामडं पाहिजे होतं. बाजारचं चामडं तिनं बघितलं, वाकवलं, ओलं केलं, नाक मुरडलं. चिखलात ते पापडासारखं वळायचं. पाटलाच्या विहिरीवर चिंचेला जुनी मोट टांगलेली होती. पाटलाच्या आज्यापासनं तिनं पाणी ओढलेलं, करंजाचं तेल पिऊन पिऊन ती काळी कुळकुळीत झालेली. उन्हानं तडकेना, पाण्यानं कुजेना. हौसाक्का तिच्याखाली उभी राहायची आणि वर बघायची, जशी पोरं चिंचेकडं बघतात.

पाटलाकडं मागितली तर तो उखडलाच. आज्याची मोट पोरांच्या पायाखाली घालू? परत विचारलं, परत नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कुत्रं सोडलं. कुत्र्यानं तिला वास घेऊन ओळखलं. त्याचा पट्टा तिनंच शिवला होता. ते शेपूट हलवत बसलं.

मग आलं पाटलाच्या धाकट्या पोराचं लग्न. वरातीत पुढं चालायचं तर पाटलाला नवा जोडा पाहिजे. जेवण करून तो लोडाला टेकून पडला होता. पडल्या पडल्या गड्याला म्हणाला, घे माप. शिरपा गडी काडी घेऊन हौसाक्काकडं आला. तिनं काडी बघितली आणि निरोप धाडला, पाटलांना म्हणावं, उभं राहून माप द्या, पडल्यावर पाय वेगळा आणि भार पडल्यावर वेगळा. निरोपाचं उत्तर आलं, पाटील जोड्यापायी उठत नसतो.

बरं, म्हणाली हौसाक्का. आणि अगदी काडीबरहुकूम शिवला. ना एक सूत जास्त, ना एक सूत कमी. वर लाल गोंडा लावला. असला देखणा जोडा शेलटेकात कुणी बघितला नव्हता.

वरात निघाली. मारुतीच्या पारापर्यंत पाटील वाघासारखा चालला. पारापासनं पुढं मांजरासारखा. लोकांना वाटलं, लेकाच्या सुखानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. वाजंत्र्यांना त्यानं सांगितलं, जरा हळू वाजवा. वाजंत्री हळू झाले, पाटील त्याहून हळू. बिचारा नवरदेव घोड्यावर जांभया द्यायला लागला. विहिरीपाशी आल्यावर पाटलानं वरातीला म्हटलं, व्हा पुढं, मी आलोच. आणि मागं राहून चिंचेखाली, मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्यावर मटकन बसला.

वर मोट टांगलेली, खाली पाटील. हौसाक्का तिथंच उभी होती. असं म्हणतात, ती दुपारपासनंच उभी होती.

"हौसे," पाटील दात दाबून म्हणाला, "जोडा चावतोय."

"काडीला इचारा, पाटील. तिनं सांगितलं तसंच शिवलंय."

"काडीला काय इचारू? पाय माझा हाये."

"मग शेवंतीचा पाय कुणाचा व्हता?"

 वरातीचा आवाज लांब गेला. हौसाक्का त्याच्या पायाशी बसली, पण जोड्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "तुमी पारापासनं हितवर आला आन बसला. ती पोर तसल्या जोड्यात रोज खिंड उतरली, आन बसली न्हाई. घरात बोलली बी न्हाई. बोलली असती तर कुणी ऐकलं असतं?"

पाटलानं वर बघितलं. मोट वाऱ्यानं जराशी हलली. असं म्हणतात, त्याला आज्याचा खोकला ऐकू आला.

"ने काढून," तो म्हणाला. "पर आधी माझा पाय काढ ह्यातनं."

पाय निघेना. शेवटी हौसाक्कानं रापीनं गोंडा कापला, मग शिवण कापली. स्वतःची शिवण तिनं स्वतः कापलेली ती पहिलीच वेळ. पाटील नव्या सुनेच्या दारात अनवाणी गेला आणि लोक म्हणाले, बघा, काय साधा माणूस आहे.

मग काम सुरू झालं. हौसाक्कानं दारातल्या दगडी पायरीवर ओली पांढरी माती थापली आणि गावात सांगून टाकलं, काडी आणायची नाही, पोर आणायचं. तेही दिवस कलल्यावर, पोर दिवसभर उंडारून आल्यावर, कारण दिवसभर चालला की पाय पसरतो. पाठीवर दप्तर, दप्तरात सगळी पुस्तकं आणि पाटी. दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायचं मातीत. दोन्ही पायांचे ठसे घ्यायचे, कारण दोन पाय म्हणजे सख्खे भाऊ, पण जुळे नव्हेत. जो मोठा, त्याचं माप धरायचं. पुढं तिच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडायची, तेवढीच वाढीची. टाच मात्र घट्ट, चवडा मोकळा, आणि तळ तिथंच वाकला पाहिजे जिथं पोराचा पाय वाकतो.

आयाबाया कुरकुरल्या. एवढीशीच वाढ? पुढच्या सालाचं काय? हौसाक्का म्हणायची, पुढच्या सालाला पुढच्या सालचा पाय येईल. ह्या सालचा जोडा तेव्हा धाकट्याला द्या, तोवर जोडा काही मरत नाही. असल्या चामड्याचा आहे.

जोडा झाला की पोरानं तो घालून पिंपळापर्यंत जायचं, परत यायचं, पळायचं, उकिडवं बसायचं. मग हौसाक्का विचारायची, लागतंय का? पोरं आधी बापाच्या तोंडाकडं बघायची आणि मग म्हणायची, नाही. हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिनं आईबापांना भिंतीकडं तोंड करून उभं करायला सुरुवात केली. पाटलालासुद्धा, नातवंडांबरोबर आला तेव्हा. पाटील भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि गावानं ते बघितलं.

शेवंताचा जोडा तिनं शेवटी शिवला. घोटा जुळला होता, पण तो पाय जरा जाड झाला होता. पोरीनं जोडा घातला, पिंपळाला जाऊन आली, म्हणाली, "झ्याक बसलाय आक्का. लागत न्हाई."

बिरू भिंतीकडं बघून खूश झाला. पण हौसाक्काची नजर पोरीच्या करंगळीवर होती. चामड्याखाली करंगळी आकसून बसली होती, पावसात पिलू बसतं तशी.

"शेवंते, खरं सांग."

पोरीचे डोळे भरले. "लागतंय म्हनलं तर तू परत उसवशील. मिरग आलाय. मग मी मागं ऱ्हाईन."

हौसाक्कानं रापी घेतली आणि सगळ्यांदेखत जोडा उसवला. परत पाय मातीत. परत शिवला. शेवंता पिंपळाला गेली, आली, म्हणाली, अजून जरासं. परत उसवला. दिवस मावळायला टेकला, हौसाक्काच्या बोटांना चिरा पडल्या, पण हात थांबेना. असं म्हणतात, त्या संध्याकाळी सूर्य माळाच्या कडेवर हात टेकून बसून राहिला, तिचा शेवटचा टाका बघायला. मग शेवंता पिंपळापर्यंत गेली आणि चालत परत आलीच नाही. पळत आली. कुणी काही विचारायची गरज उरली नाही.

शाळा उघडायच्या दिवशी हौसाक्का पुढं आणि पोरं मागं. ती अनवाणी माळात शिरली. असं म्हणतात, सराट्यानं त्या दिवशी पहिल्यांदा काटा खाली केला. खिंडीच्या तोंडाशी सारं गाव जमलं होतं. पोरं उतरली. दगडावर तळ असे बसले जशी पाल भिंतीला. एकही पाय सरकला नाही. सगळ्यात पुढं शेवंता होती, आणि खालच्या बाभळीपाशी पोचल्यावर तिनं वळून वर बघितलं. बिरू तेवढा रडला. पाटील नाही रडला. त्याच्या डोळ्यात धूळ गेली होती, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं.

ती मोट सरली कधीच नाही म्हणतात. सगळ्या पोरांना पुरली, त्यांच्या धाकट्यांना पुरली, तरी तुकडा शिल्लकच. आणि हौसाक्काच्या पायात मात्र कधी काही आलं नाही. शेवटल्या पोराच्या पायात जोडा पडंस्तोवर, असं ती बोलून बसली होती ना. आणि शेवटलं पोर कुठल्या गावात जन्माला येतं? रोज कुठंतरी पाळणा हलायचाच.

म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा शेवंता पोराबाळांची आई झालेली होती. तिनं हौसाक्काचे तळवे धुतले. जन्मभर सराट्यातनं चाललेले तळवे, आणि असं म्हणतात, ते तान्ह्या पोरासारखे मऊ होते. एक काटा नाही, एक भेग नाही. शेवंतानं त्यांचा ठसा ओल्या मातीत घेतला आणि मोटेच्या उरल्या तुकड्याचा जोडा गावानं मिळून शिवला. तो अजून त्या पायरीवर आहे. सालातनं एकदा त्याला करंजेल लावतात.

आता शेलटेकात जोडे शिवत नाहीत, तालुक्याच्या दुकानातनं येतात. पण पोराला घरी ठेवून कुणी जोडा आणत नाही. न विचारता कुणी कुणाचं ठरवलं, की गाव म्हणतं, काडीचं माप घेतोय बघा. आणि शाळा उघडायच्या आधी एका संध्याकाळी सगळी पोरं नवे जोडे काखेत मारून पायरीपाशी येतात. ओल्या मातीत उभी राहतात, पाठीवर दप्तर घेऊन. त्या दिवशी थोरली माणसं अनवाणी. ती भिंतीकडं तोंड करतात. पोरं पिंपळाला जाऊन येतात. जे पोर मोठ्यांदा म्हणतं 'लागतंय', त्याच्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवतात, आणि त्याचा बाप दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुकानाची वाट धरतो. मग तो पाटलाच्या घरचा का असेना.

सरली गोष्ट. उठा आता, आणि बाहेर जाऊन ज्यानं त्यानं आपापलाच जोडा घाला. आणि चावला, तर हौसाक्काची आण आहे, गप बसायचं नाही.