निलोफरचा चहा

"...पण बाई, मी हिला काय कमी केलं?"

हेरंब भाटकरने चपला काढता काढताच विचारलं. मागे त्याची विद्यार्थिनी निलोफर मुकादम उभी होती. ती अजून उंबऱ्याबाहेरच होती.

वारंगबाई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्याच हाताखाली शिकून हेरंब प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला. आता त्याच्या हाताखाली पोरं पीएच.डी. करतात, आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नाही. बाईंचा भारी लाडका. माझं त्याच्याशी कधी जमलं नाही, पण मला विचारतो कोण? मी बाईंच्या प्रयोगशाळेत जन्म काढला. आता शेजारी राहते आणि संध्याकाळचा चहा करायला येते.

त्याचं गाऱ्हाणं असं. शुक्रवारी निलोफरला समितीसमोर आपलं काम मांडायचं होतं. मागच्या खेपेला समितीने शेरा मारला होता की मुलीला स्वतःचं काम समजलेलं दिसत नाही. पुन्हा तसंच झालं तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे संशोधनही बंद. निलोफरने त्याआधीच सोडते म्हणून सांगून टाकलं होतं, आणि घाबरून हेरंब तिला इथे घेऊन आला होता.

"ही बोलतच नाही, बाई. स्वतःच्या पोरीसारखं सांभाळतो मी हिला."

बाईंनी निलोफरला समोर बसवलं.

"कशावर काम करतेस गं?"

"खाजणातल्या खेकड्यांवर," हेरंब म्हणाला. "कांदळवन तोडलंय तिथे त्यांची बिळं खोल जातात."

बाई निलोफरकडेच बघत होत्या. "कशामुळे?"

"ऊन," हेरंब म्हणाला. "सावली गेली, चिखल तापतो."

"चिखलात एकटी जातेस?"

"एकटी कशी जाऊ देईन, बाई? मी असतो ना."

मी आत चहा गाळत होते, मला हसू आवरेना. कप घेऊन बाहेर आले, तेव्हा बाईंनी निलोफरला साखर किती घेतेस ते विचारलं.

"ती बिनसाखरेचा घेते," हेरंब म्हणाला.

बाईंनी एक कप त्याच्यापुढे ठेवला. मग निलोफरचा कप उचलला आणि तोही त्याच्याचपुढे ठेवला.

"पी."

"हा तिचा आहे, बाई."

"तिचाही तूच पी."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही, मग तोही थांबला...

बाईंनी वाल बाजूला सारले आणि यज्ञेशचं विचारलं. यज्ञेश म्हणजे हेरंबचाच दुसरा विद्यार्थी, निलोफरच्या बरोबरीचा. समितीसमोर तोही चांगलाच अडखळला होता म्हणे. तेव्हा त्याच्यासाठी कोण बोललं? हेरंब म्हणाला, कुणी नाही. मुलगा आहे, धडपडेल, शिकेल.

"आणि ही?"

हिच्या वेळी समितीला सगळी उत्तरं मीच दिली, हेरंब म्हणाला.

"चारचौघांत पोरीची फजिती व्हायला नको, बाई. मला बघवत नाही ते."

अगदी कळवळून म्हणाला. माणूस वाईट नाही हो, खोटं कशाला बोलू! म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.



"मी साखर घेते, सर," निलोफर म्हणाली. "दोन चमचे."

हेरंबने चमकून तिच्याकडे बघितलं.

"आणि ऊन नाही ते, सर. ढगाळ दिवसांतही बिळं तेवढीच खोल असतात. तिथलं चिखलातलं पाणी खाली गेलंय. खेकडा पाणी लागेपर्यंत खणतो."

"नाही, पण त्याचं असं आहे..."

बाईंनी बोटाने दुसरा कप त्याच्याकडे सरकवला. त्याने तो मुकाट्याने तोंडाला लावला. बिनसाखरेचा होता, तोंड वाकडं झालं, पण प्यायला बिचारा.

बाईंनी निलोफरला लगेच पेचात धरलं. पाणी खाली गेलं ते ओहोटीला मोजलं असशील. मग भरतीला काय होतं?

मला वाटलं, संपलं. ही आता हेरंबकडे बघणार.

तिने बघितलं नाही. "ठाऊक नाही," म्हणाली. "भरतीला मोजलं नाही मी. मोजायला हवं होतं." मान ताठ होती पोरीची. ठाऊक नाही असं इतक्या ठासून म्हणणारे मी विभागात फार थोडे बघितले, आणि त्यांतल्या एक समोरच बसल्या होत्या.

बाई खूश झाल्या. दाखवलं नाही, पण मला कळतं.

मी आत जाऊन तिच्यासाठी नवा चहा आणला. ती तो सावकाश प्यायली. हेरंब आपला जमिनीकडे बघत बसला होता. शुक्रवारी मी शेवटच्या रांगेत बसेन, तोंड उघडणार नाही, असं तो हळूच म्हणाला. बाईंनी हूं केलं आणि वालाची परात पुन्हा पुढे ओढली.

निघताना निलोफर पायरीवर थांबली.

"बाई, सर बोलले नाहीत आणि सगळ्यांसमोर माझं चुकलं तर?"

"तर काय, 'तुझं चुकलं' म्हणतील. आजवर कुणी काही तुझं म्हटलंय का?"